खडीसाखरेबरोबर तीस गोळ्या

घरी पाहुणे आले, जेवणं झाली आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही, की आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं, "तुमची ती पुडीची गोष्ट सांगा." मग मी सांगतो. गोष्टीत गाय येते तिथे सगळे हसतात. मी तिथेच थांबतो, कोणीतरी बडीशेप पुढे करतं आणि पाहुणे चपला शोधायला लागतात. गाईच्या पुढचा भाग मी सहसा सांगत नाही. आज लिहायलाच बसलोय, तर तोही लिहितो. लिहिताना समोर कोणी जांभई देत नाही, एवढी सोय आहे.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. एका कचेरीत कारकुनी करत होतो आणि माझ्यावाचून कचेरी चालत नाही असा माझा समज होता. दिवाळीच्या तोंडावर वडील गेले. बुधवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला. सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा वजन करायचे आणि पुडी बांधायचे. बांधायचे म्हणजे दोरा नाही. कागदाच्या घड्या अशा घालायचे की शेवटचा कान आपोआप खाचेत जाऊन बसायचा. त्यांचं म्हणणं, ही पुडी पाचव्या मजल्यावरून टाकली तरी सुटणार नाही. आमच्या बोळात तेव्हा कोणाच्याच घराला पाचवा मजला नव्हता, त्यामुळे ते तपासायचं राहून गेलं. ती घडी त्यांनी मला लहानपणीच शिकवली होती. इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

वडील गेले आणि मला रडू आलं नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला. वडिलांना कामाच्या ठिकाणी उशीर कधीच चालला नव्हता, त्यामुळे त्याचंही कोणाला नवल वाटलं नाही. तेराव्याला मी तीन वाट्या खीर प्यायलो. चौदाव्या दिवशी कामावर गेलो. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. मी खंबीर बिंबीर काही नव्हतो. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि उठून टेकवला तर दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, तसा मी सगळाच झालो होतो. चालत होतो, खात होतो, सह्या करत होतो. पण ते सगळं बाजूच्या टेबलावरचा कोणीतरी करत असावा.

महिन्याभराने एकदा जेवताना बायकोने माझ्याकडे बघितलं.

"आमटी कशी झालीय?"

"छान."

"अहो, तीन दिवस मी आमटीत मीठ घालत नाहीये."

मी म्हटलं, मला वाटलं तुझं काहीतरी पथ्य असेल. ती उठली, मिठाची बरणी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली की येत्या रविवारी मी देवळातल्या मंडळींबरोबर जायचं. घरात बसून तुम्ही भिंतीकडे बघता, ते भिंतीलाही आता नको झालंय.

देऊळ म्हणजे आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेलं दत्ताचं छोटं मंदिर. गुरुवारी तिथे भजन व्हायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भजनी मंडळ टेम्पो करून धायरीच्या पुढच्या एका गावी औषधं वाटायला जायचं. धायरी तेव्हा स्वतःच गाव होतं. त्याच्या पुढचं म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीच. नाव सांगत नाही. आता तिथे सोसायट्या झाल्या आहेत आणि त्यांची पत्रं येतील.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर होते. देवापेक्षा वक्तशीरपणावर त्यांची श्रद्धा थोडी जास्त. डॉक्टरीणबाई मात्र देव मानत नसत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, कोरड्या तोंडाच्या बाई. मग येता कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "नोकरीत मला कधी वेळेवर जीप मिळाली नाही. तुमचा देव टेम्पो तरी देतो."

गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांत काम चालायचं. आतल्या खोलीत बाई तपासायच्या आणि चिठ्ठी लिहायच्या. बाहेरच्या खोलीत मास्तरांच्या टेबलावर दत्ताची तसबीर, उदबत्ती, तीर्थाचं भांडं. लोक आधी तसबिरीपुढे रांग लावून तीर्थ आणि खडीसाखर घ्यायचे, मग चिठ्ठी घेऊन औषधाच्या रांगेत यायचे. मला औषधाच्या टेबलावर बसवलं. चिठ्ठी वाचायची, डब्यातून गोळ्या मोजायच्या, पुडी करायची. माझी घडी बघून बायाबापड्या थांबून राहायला लागल्या. एक म्हातारी पुडी उलटीपालटी करून म्हणाली, ही उघडायची कुठनं ते सांगा, न्हाईतर पुडीसकट गिळावी लागंल. पहिल्या दिवसापासून गावात माझं नाव 'पुडीवाले' पडलं. कचेरीत पंधरा वर्षांत मला कोणी एवढं ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला, पौषात, गर्दी फार झाली. दोन रांगा एकमेकींत गुंतल्या, तीर्थाचं भांडं लवंडलं, अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. तेव्हा मी डोकं चालवलं. माझं डोकं वर्षातून एक-दोनदाच चालतं आणि तेव्हा आजूबाजूच्यांनी सावध असावं, असं आमच्या घरात म्हणतात. मी म्हटलं, दोन रांगा हव्यातच कशाला? गोळ्यांची लहान पुडी करू, ती खडीसाखरेबरोबर मोठ्या पुडीत घालू, म्हणजे एकाच हाताने दोन्ही देऊन होईल. वर मंडळाचा पादुकांचा शिक्का मारू, म्हणजे कागद कोणी कुठे टाकणार नाही. अध्यक्ष खूष झाले. अर्ध्या तासात रांग ओढ्यासारखी वाहायला लागली. लोक पुडी उजव्या हाताने घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि दत्ताचं नाव घेऊन निघायचे. आतल्या खोलीतून बाईंना यातलं काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी ती आली. विशीतली असेल, सासूच्या मागे, पदर दातात धरलेला. तिला फिट यायच्या. लग्नानंतर वर्षभराने सुरू झाल्या होत्या आणि देवऋषी, अंगारे, कांदा-चप्पल सगळं करून झालं होतं. सासू वाईट नव्हती. सरळ होती, एवढंच. बाईंना तिने जे सांगितलं ते बाहेरपर्यंत ऐकू आलं: चैतातल्या जत्रेला घरात पाव्हणे येतात, त्यांच्यासमोर ही पडली तर धाकट्या दिराचं लग्न जमायचं न्हाई. मालक म्हणालेत, जत्रेपर्यंत गुण आला तर ठीक, न्हाईतर हिला माहेरी घालवायची. सून खाली बघत होती. बाईंनी चिठ्ठी दिली. लहान पांढरी गोळी, रोज संध्याकाळी एक, तीस दिवस, एकही चुकवायची नाही. गोळ्या घेतल्या तर जत्रेपर्यंत फिट थांबेल, असं त्यांनी सासूला सांगितलं. बाई असं सहसा कोणाला सांगत नसत.

मी तीस गोळ्या मोजल्या. दोनदा मोजल्या. खडीसाखर जरा जास्त घातली. शिक्का मारला. सासूने पुडी कपाळाला लावली, सुनेच्या कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली.

तिसऱ्या खेपेला, माघात, दोघी सगळ्यांत आधी येऊन बसल्या होत्या. सुनेचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. सासू मात्र तक्रार घेऊन नव्हती आली, उलट नारळ घेऊन आली होती. सरळ माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "पुडीवाले, लई गुणाची व्हती बगा तुमची पुडी. पाच रोज आमी समदी अशी झोपलो, का सकाळी म्हस वरडली तरी कुनाला जाग न्हाई."

मी विचारलं, समदी म्हणजे?

"समदी म्हंजी मी, मालक, दोन ल्योक आन् ही. आन् एक गाईला. परसाद एकट्यानं खात्यात व्हय?"

इथे पाहुणे हसतात. मी गाईची झोपही वर्णन करून सांगतो. ती खरं तर मी पाहिलेली नाही.

हसून झालं की हिशेब आपोआप होतो. रोज सहा, तीस गोळ्या, पाच दिवस. आठव्या दिवशी सून चुलीपुढे बसलेली असताना फिट आली आणि हात विस्तवात गेला. बाईंनी फडकं सोडलं. तळवा आणि बोटं. तीन आठवडे त्यावर कोणीतरी चुना आणि तेल लावलं होतं. औषध मध्येच तुटलं की हे दुखणं उसळून येतं, बाईंनी सासूला समजावून सांगितलं, आणि मग विचारलं की गोळ्या वाटल्या कशाला? सासूने पदराच्या गाठीतून जपून ठेवलेला माझा कागद काढला. पादुकांचा शिक्का होता त्यावर.

बाई तो कागद घेऊन बाहेर आल्या.

"एकाच पुडीत घालायची कल्पना कोणाची?"

"माझी."

त्यांनी कागदाची घडी मिटून पाहिली, उघडून पाहिली. "घडी सुरेख आहे. कोणी शिकवली?"

"वडिलांनी."

"त्यांनी हिरडा आणि पेढा एका पुडीत बांधला होता का कधी?"

मी नाही म्हटलं. बाई आत गेल्या. आणि मी पुढची चिठ्ठी वाचली, गोळ्या मोजल्या, पुडी केली. हेच मला सांगायचं आहे आणि हेच मी पाहुण्यांना सांगत नाही. लाज वाटली, पोटात गोळा आला, असं काहीही झालं नाही. आमच्या घरात एका पेढ्याचे सात तुकडे होत. शेजारून आलेली चिमूटभर शिरणीसुद्धा आई दारात आलेल्या पोस्टमनला द्यायची. प्रसाद एकट्याने खात नाहीत हे मला पाळण्यापासून ठाऊक होतं आणि गोळ्या प्रसादात घालताना मला ते आठवलं नाही. हे सगळं मला स्वच्छ कळत होतं. पाटीवर कोणीतरी लिहिल्यासारखं समोर दिसत होतं. लागत नव्हतं. बायकोच्या आमटीसारखं.

त्या दिवसापासून खडीसाखर वेगळी, गोळ्या वेगळ्या. पण तिच्यापुरता नुसता कोरा कागद चालेना. सासू म्हणाली, देवाची व्हती तवा झोप तरी लागली, बिनदेवाची गोळी कशाला द्यायची? अध्यक्ष गोंधळले. बाई म्हणाल्या, मी जे आहे ते सांगितलं, आता तुमच्या देवाने घातलेला घोळ त्यानेच निस्तरावा.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मावशी, हा प्रसाद नाही. हा नेम आहे. नेम ज्याचा त्यानेच करायचा असतो. तुमचा उपास तुमच्या मालकाने धरला तर चालेल का? सुनेचा नेम आहे. दिवेलागणीला तुम्ही स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर गोळी ठेवायची, म्हणजे तो पुरा होतो."

सासूने मान डोलावली. हे तिला लगेच पटलं. तीस गोळ्या एकदम द्यायला नकोत, दर रविवारी सात आणून देईन, असंही मी बोलून गेलो. टेम्पोत अध्यक्ष म्हणाले, देवाच्या नावावर आपण नियम काढायचे, हे काही ठीक नाही. मी म्हटलं, शिक्का नाही मारला. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मग मी दर रविवारी जायला लागलो. स्वारगेटहून धायरीची बस, पुढे तासभर पायी. खिशात सात लहान पुड्या, एकेका गोळीची एकेक. घरच्यांसाठी खडीसाखरेची पुडी वेगळी. आता ह्याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल, पण रविवारी सकाळी भाजी आणायचं काम माझ्याकडे होतं आणि ते टळलं, हेही खरं आहे. सासू ओसरीवर घोंगडं टाकायची, गुळाचा चहा द्यायची. आधीच्या आठवड्याचे सात कोरे कागद तिने कोनाड्यात दगडाखाली ठेवलेले असायचे. एकेक मोजून मला परत द्यायची. एकही गोळी चुकली नाही. गाईकडे बोट दाखवून म्हणायची, हिला वाटतं आपल्याला बी मिळंल. सून आतून ऐकत असायची. एक-दोनदा हसल्याचा आवाज आला.

फिट आली नाही. माघ गेला, फाल्गुन गेला, फिट आली नाही. हाताचं मात्र वेगळं होतं. बाईंनी पुण्यातल्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली होती. मी दर रविवारी विचारायचो आणि सासरे म्हणायचे, जत्रा होऊ द्या. जखम भरली, पण कातडं आखडलं आणि बोटं आत वळली. मी ते बघत होतो. तिला उचलून टेम्पोत घालावं, भांडावं, असं मला वाटायला हवं होतं. मी विचारत होतो, ते जत्रा म्हणत होते, आणि मी चहा पिऊन निघत होतो.

जत्रेच्या आदल्या रविवारी गेलो तर ओसरीवर घोंगडं नव्हतं. सासू बाहेर आली. मी पुड्या काढल्या, तिने हात पुढे केला नाही.

"ती न्हाई हितं. माहेरी घालवली, मांजरीला."

"फिट आली?"

"छ्या. नेम पुरा केला म्या, एक दिस बी चुकवला न्हाई." तिने कोनाड्यातले कागद आणून माझ्या हातात दिले. त्या वेळी पाचच होते. "पन हात उघडंना तिचा. भाकर थापता येईना. जत्रेला पन्नास मान्सं जेवायची, भाकरी कोन थापनार? मालक म्हनले, ऱ्हाऊ द्या तिकडंच."

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मला चहा विचारला. माझ्या गोळ्यांना गुण आला होता आणि माझ्या पुडीने भाजलेला हात तिला घराबाहेर घेऊन गेला होता. दोन्ही हिशेब माझ्याच नावावर होते आणि दोन्ही बरोबर होते. खडीसाखरेची पुडी मी ओसरीवर ठेवली. धायरीपर्यंत चालत आलो. ऊन होतं एवढं आठवतं.

पुढच्या रविवारी हडपसरला गेलो आणि तिथून दुसऱ्या बसने मांजरी. उसाच्या कडेला दोन खणांचं घर होतं. तिचा बाप, भाऊ, भावजय. मी कोण म्हणून भाऊ विचारत होता तेवढ्यात आतून आवाज आला, "पुडीवाले हायेत ते." ती बाहेर आली. ताट, तांब्या आणि वाकळ अशी तिची वेगळी मांडामांड पडवीच्या कोपऱ्यात दिसत होती. फिट दुसऱ्याला लागते असं भावजयीचं मत होतं. मी सात पुड्या दिल्या. तिने डाव्या हाताने घेतल्या. उजवा पदराखाली होता.

आत्याबाई कशा हायेत, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बऱ्या आहेत. गाय? मी म्हटलं, तीही बरी आहे. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून नेहमीचंच बोललो, की रोज एक, चुकवायची नाही, आणि दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.

ती म्हणाली, "हितं कुनी वाटा मागत न्हाई."

तक्रार नव्हती त्यात. पाणी कुठे मिळतं ते सांगावं तसं सांगितलं.

मी पावसाळ्यापर्यंत जात होतो. मग बाईंनी हडपसरच्या एका दवाखान्यात तिच्या गोळ्यांची सोय लावून दिली आणि माझं जाणं थांबलं. हाताचं पुढे काय झालं, सासरी परत नेली का, मला माहीत नाही. माझी मुलगी म्हणते, गोष्टीला शेवट पाहिजे, बाबा, तुम्ही सांगा ना की सासू बैलगाडी घेऊन आली. बायको म्हणते, माहीत नसेल तर नाही म्हणावं. मी नाही म्हणतो.

त्या पहिल्या दिवशी मांजरीहून परत येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. हाताला काही काम नव्हतं म्हणून तिकिटाला घड्या घालत बसलो. फातिमानगरच्या आसपास तिकीट तपासनीस चढला. माझ्यापर्यंत आला, हात पुढे केला. मी तळहातावरची पुडी त्याच्यापुढे धरली. नखाएवढी झाली होती.

"हे काय आहे?"

"तिकीट."

त्याने ती दोन बोटांत धरून सगळीकडून पाहिली. कान खाचेत पक्का बसला होता, त्याला उघडेना.

"आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, मग उघडून दाखवा. मी उघडायला लागलो. वडिलांची घडी ती, सहजी सुटत नाही. माझी बोटं थरथरत होती म्हणून वेळ लागला, आणि मागचे लोक ओरडायला लागले की काका, लवकर करा.